एकट्याचा ध्वनिक्षेपक : समालोचक बॉबी तल्यारखान

क्रिकेटचा सामना आज दूरचित्रवाणीवर पाहावा, तर दिवसभरात सहा-सात समालोचकांचे आवाज कानावर पडतात. दर अर्ध्या तासाने जोडी बदलते, मधूनच एखादा माजी खेळाडू येतो आणि खेळपट्टीजवळ उभा असलेला आणखी एक जण त्यात भर घालतो. भारतात धावत्या वर्णनाची सुरुवात झाली तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. एक मैदान, एक ध्वनिक्षेपक आणि त्यापुढे बसलेला एकच माणूस. सकाळी खेळ सुरू झाल्यापासून संध्याकाळी यष्ट्या उचलल्या जाईपर्यंत तोच बोलत असे. उपाहार आणि चहापान एवढीच काय ती विश्रांती. त्या माणसाचे नाव अर्देशीर फुर्दोरजी सोहराबजी तल्यारखान. वृत्तपत्रांत ते ए. एफ. एस. तल्यारखान म्हणून आणि मुंबईकरांत ‘बॉबी’ म्हणून ओळखले जात.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. मुंबई राज्यात मंत्री असलेले आणि पुढे सिक्कीमचे राज्यपाल झालेले होमी तल्यारखान ते हे नव्हेत. दोघेही मुंबईचे पारशी आणि दोघेही सार्वजनिक जीवनातील, त्यामुळे जुनी कात्रणे चाळताना अनेकांची गफलत होते. बॉबी तल्यारखान यांचे सारे आयुष्य खेळाच्या मैदानाभोवती गेले. त्यातही त्यांचे खरे क्षेत्र मैदानाच्या कडेला, ध्वनिक्षेपकासमोर होते.

त्यांचा जन्म १८९७ सालचा. क्रिकेट हिंदुस्थानात रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या पारशी समाजाकडे जाते. १८८६ आणि १८८८ साली पारशी संघ इंग्लंडचा दौरा करून आले होते आणि १८९२ पासून मुंबईत युरोपियन विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना होऊ लागला होता. १९०७ साली हिंदूंचा संघ त्यात आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुस्लिम संघाच्या समावेशाने ती चौरंगी झाली. म्हणजे तल्यारखान लहानाचे मोठे होत होते, त्याच काळात ही स्पर्धाही वाढत होती. दरवर्षी या सामन्यांच्या दिवसांत मुंबईला जो ज्वर चढे, त्याची कल्पना आज रणजी करंडकाचे रिकामे स्टेडियम पाहून येणार नाही.

नभोवाणीचे बाल्य

तल्यारखान यांच्या कामाचे मोल कळायचे, तर त्या वेळी नभोवाणीची अवस्था काय होती ते पाहावे लागेल. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी संस्थेचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. तीन वर्षे पुरी होण्याआधीच कंपनीचे दिवाळे निघाले. १९३० साली सरकारने कारभार हाती घेतला आणि त्या सेवेला इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असे नाव दिले. ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले ते जून १९३६ मध्ये. रेडिओ संच ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू होती. तो बाळगायचा तर परवाना काढावा लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क दहा रुपये होते. त्या काळी दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती.

जगातही हा प्रकार नवाच होता. बीबीसीने क्रिकेटचे धावते वर्णन पहिल्यांदा १९२७ साली एसेक्स आणि न्यूझीलंड यांच्या सामन्यावर प्रसारित केले होते. क्रिकेट हा संथ खेळ, त्याचे सलग वर्णन ऐकायला कोण बसेल, अशी शंका पुढेही काही वर्षे इंग्लंडमध्ये व्यक्त केली जात होती.

अशा परिस्थितीत १९३४ साली मुंबईत एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि मुस्लिम या संघांत चौरंगी स्पर्धेचा सामना झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० पासून चार वर्षे ही स्पर्धा होऊ शकली नव्हती. तिच्या पुनरागमनाचेच हे वर्ष. तल्यारखान यांनी या सामन्याचे धावते वर्णन केले आणि भारतीय क्रिकेट समालोचनाचा इतिहास तेथून मोजला जाऊ लागला. तेव्हा त्यांचे वय सदतिसाच्या आसपास होते. एक पारशी गृहस्थ, पारशी संघ खेळत असताना, सर्व समाजांच्या श्रोत्यांना खेळ सांगत होता, ही गोष्ट सहज ओलांडून पुढे जाण्यासारखी नाही. जमातींच्या नावाने संघ उतरत असलेल्या स्पर्धेत वर्णन करणाऱ्याच्या प्रत्येक विशेषणाकडे श्रोत्यांचा कान असणार.

आवाज हेच भांडवल

तल्यारखान यांचा आवाज भरदार आणि घोटीव होता. वर्णन इंग्रजीत असे. मैदानावर काही घडत नसेल तेव्हा ते आठवणी सांगत, किस्से सांगत. त्यांच्याकडे किश्श्यांचा तुटवडा कधीच नव्हता. एका दिवसाचा खेळ साधारण साडेपाच-सहा तासांचा; तेवढा वेळ एकट्याने बोलायचे, धावफलक चुकू द्यायचा नाही, गोलंदाज बदलला की लगेच सांगायचे, चेंडू सीमेकडे निघाला की वाक्य अर्धे सोडून त्याच्यामागे धावायचे आणि हे सर्व करताना आवाज थकलेला जाणवू द्यायचा नाही. घशाची ताकद तर त्याला लागतेच, पण स्वतःवरचा ताबा त्याहून अधिक लागतो. त्यांच्या या संयमाचे कौतुक पुढच्या काळातील क्रिकेट इतिहासकारांनीही केले आहे.

आजच्या श्रोत्याला हे काम तितके कठीण वाटणार नाही. परंतु त्या वेळी झाला प्रसंग पुन्हा दाखवणारा पडदा नव्हता. पायचीत दिले ते योग्य होते का, झेल जमिनीला लागला होता का, याचा निवाडा समालोचकाच्या नजरेने एकदाच करायचा आणि तो तत्क्षणी शब्दांत मांडायचा. श्रोत्याजवळ पडताळून पाहायला दुसरे साधन नसे. दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र हाती येईपर्यंत तल्यारखान म्हणतील तोच सामना. एवढा विश्वास एका आवाजावर टाकला जात होता आणि तो त्यांनी टिकवला.

इराणी हॉटेलांत आणि रेडिओच्या दुकानांपुढे गर्दी जमे. दुकानाबाहेर पाटीवर खडूने धावसंख्या लिहून ठेवण्याची पद्धत मुंबईत पुष्कळ वर्षे होती. अनेक मराठी श्रोत्यांना त्या इंग्रजीतील निम्मे शब्दही कळत नसत. खेळाडूंची नावे, आकडे आणि आवाजाचा चढउतार एवढ्यावर ते सामना समजून घेत. इंग्रजी न येणाऱ्यालाही बाद झालेला फलंदाज कळावा, हे ज्याच्या आवाजाला साधते तो समालोचक मोठाच म्हटला पाहिजे.

मुंबईबाहेरच्या श्रोत्याला हा आवाज मिळू लागला तो १९३८ साली मुंबईचे लघुलहरी प्रक्षेपण सुरू झाल्यानंतर. मध्यम लहरींचा पल्ला शहराच्या आसपास संपत असे, लघुलहरी शेकडो मैल जात. उदाहरणार्थ जबलपूर घ्या. मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग यांची गाठ १८७० साली याच शहरात पडली. पुढे १९०४ साली तेथे तोफगाड्यांचा कारखाना आला. छावणी, रेल्वे आणि कारखाना यांमुळे घमापूरसारख्या वस्त्यांत निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे स्थिरावली. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. तेथील मराठी घरांचे कान साहजिकच नागपूर-मुंबईकडे लागलेले असत. मुंबईचे वृत्तपत्र रेल्वेने यायचे, म्हणजे मैदानावरची बातमी दुसऱ्या दिवशी हाती पडायची. खरखर आणि मधूनच बुडणारा आवाज सोसण्याची तयारी असेल, तर लघुलहरींवर तोच सामना त्याच क्षणी ऐकता येऊ लागला. आगगाडीने जे अंतर कापायला रात्र घालवावी लागे, ते या काळात एका वाक्यात पार होऊ लागले होते.

पंचरंगीचे दिवस

७ डिसेंबर १९३७ रोजी चर्चगेटजवळ ब्रेबर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी भारतीय ख्रिश्चन आणि इतर यांचा ‘शेष’ संघ येऊन स्पर्धा पंचरंगी झाली. प्रेक्षकांच्या आसनवाटपावरून वाद झाला आणि पहिल्याच वर्षी हिंदू संघ स्पर्धेबाहेर राहिला, हा भाग वेगळा. विजय मर्चंट आणि विजय हजारे यांच्यातील धावांची चढाओढ याच मैदानावर रंगली. १९४३ च्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. त्याला उत्तर म्हणून हजारे यांनी ‘शेष’ संघाच्या दुसऱ्या डावात ३०९ धावा काढल्या आणि संघाची एकूण धावसंख्या होती अवघी ३८७. दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधू विवेक हजारे होते. तीनशे धावांच्या त्यांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. पुढच्याच वर्षी मुस्लिम संघाने हिंदू संघाचा एका गड्याने पराभव केला. के. सी. इब्राहिम त्या डावात नाबाद १३७ धावांवर उभे होते.

ज्या समाजाचा संघ हरे त्याच्या वस्तीत उदासी आणि जिंकणाऱ्याच्या वस्तीत रोषणाई, असे हे क्रिकेट. महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्ये वर्ध्यात भेटीस आलेल्या शिष्टमंडळाजवळ जातवार संघांविषयी नापसंती व्यक्त केली होती आणि मुंबईतील राष्ट्रीय वृत्तीच्या वृत्तपत्रांनी तो प्रश्न लावून धरला होता. १९४६ नंतर ही स्पर्धा पुन्हा झाली नाही. लोकप्रिय नभोवाणी क्रिकेट जन्माला आले ते या स्पर्धेच्या मांडीवर, हे मान्य करणे काहींना अवघड जाते. पण ते तसेच आहे.

या मधल्या काळात तल्यारखान यांची लेखणीही चालू होती. १९४५ साली त्यांचे ‘ऑन विथ द गेम’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

तिघांचे मंडळ आणि एकट्याचा नकार

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहा केंद्रे आली होती आणि त्यांचे प्रक्षेपण देशातील जेमतेम अकरा टक्के लोकांपर्यंत पोहोचत होते. सेवेचा विस्तार करायचा, ती साऱ्या देशाची वाटली पाहिजे, हा त्या वेळचा विचार. १९४८ च्या अखेरीस वेस्ट इंडिजचा संघ प्रथमच भारतात आला. स्वतंत्र भारतातील ही पहिलीच कसोटी मालिका होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि पुन्हा मुंबई असे पाच सामने. या मालिकेसाठी आकाशवाणीने तीन समालोचकांचे मंडळ नेमण्याचे ठरवले.

तल्यारखान यांनी नकार दिला. ध्वनिक्षेपक दुसऱ्याबरोबर वाटून घेणे त्यांना मान्य नव्हते. चौदा वर्षे ज्या आसनावर ते एकटे बसले होते, ते त्यांनी सोडले.

या प्रसंगाकडे केवळ अहंकार म्हणून पाहण्याची रीत आहे. अहंकार त्यात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वतःच्या योग्यतेविषयी तल्यारखान यांच्या मनात कधी संदेह नसे. परंतु त्यांच्या बाजूनेही काही म्हणता येते. दिवसभराचा खेळ ही एक सलग हकिकत असते. सकाळी सुटलेला झेल दुपारी शतकाला कारण होतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने पाहून सांगितल्या, तर श्रोत्याला त्यातला दुवा मिळतो. दर वीस मिनिटांनी सांगणारा बदलला की प्रत्येक जण आपापला तुकडा सांगून उठतो. आजही रेडिओवर सामना ऐकताना हा अनुभव येतो.

तरीही आकाशवाणीचा निर्णय बरोबर होता, असेच म्हणावे लागेल. पाच दिवसांचे पाच सामने एका घशावर सोपवणे ही जोखीम होती. राष्ट्रीय सेवेवर एकाच व्यक्तीची दृष्टी आणि एकाच व्यक्तीची आवडनिवड श्रोत्यांपर्यंत जावी, हेही फार काळ चालण्यासारखे नव्हते. कलकत्त्याचे बेरी सर्वाधिकारी यांच्यासारखे जाणकार उपलब्ध होते. इंग्लंडमध्ये १९४६ साली भारतीय संघाच्याच दौऱ्यावर वर्णन करीत जॉन आर्लट यांची कारकीर्द सुरू झाली. ते आयुष्यभर सहकाऱ्यांबरोबर आळीपाळीने बोलले आणि त्यांची थोरवी त्यामुळे उणावली नाही. काही खेळांत तर एकट्याने वर्णन करणे शक्यच नसते. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचे पाहा. डेटोना येथील धावपट्टीचा एक फेरा अडीच मैलांचा. १९७० साली स्थापन झालेल्या तेथील मोटर रेसिंग नेटवर्क या रेडिओसेवेने वळणावळणावर वेगळे समालोचक उभे केले. मोटार एकाच्या नजरेआड झाली की दुसरा सूत्र हाती घेतो. क्रिकेटचे मैदान एका नजरेत मावते, एवढ्याच कारणाने तल्यारखान यांची एकाधिकारी चौदा वर्षे चालू शकली.

त्यांच्या नकाराची किंमत काय होती, ते मालिकेच्या अखेरीस कळले. फेब्रुवारी १९४९ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर पाचव्या कसोटीत भारतापुढे विजयासाठी ३६१ धावांचे लक्ष्य होते. हजारे यांनी १२२ धावा केल्या, रुसी मोदी यांनी ८६. अखेरीस दत्तू फडकर किल्ला लढवत राहिले आणि भारत ३५५ धावांपर्यंत पोहोचला. सहा धावा हव्या असताना, चालू षटक पुरे होण्याआधीच, पंचांनी यष्ट्यांवरच्या बेल्स काढून खेळ संपल्याचे जाहीर केले. भारताचा पहिला कसोटी विजय हातातोंडाशी येऊन निसटला. त्यासाठी पुढे १९५२ च्या मद्रास कसोटीपर्यंत थांबावे लागले. मुंबईचे मैदान, मुंबईचे खेळाडू, शेवटच्या मिनिटातला वाद! तल्यारखान यांच्यासाठीच जणू रचलेली ती संध्याकाळ होती. ती सांगण्याचे काम मात्र इतरांकडे गेले.

परतीचे प्रवास

१९५४-५५ साली भारतीय संघ प्रथमच पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला. त्या मालिकेच्या निमित्ताने तल्यारखान आकाशवाणीवर परतले. ढाका, बहावलपूर, लाहोर, पेशावर आणि कराची येथे झालेले पाचही सामने अनिर्णित राहिले. हरायचे नाही, एवढाच दोन्ही संघांचा निर्धार दिसत होता. क्रिकेट म्हणून ही मालिका कंटाळवाणी होती, पण लाहोरच्या कसोटीसाठी हजारो भारतीय सीमा ओलांडून गेले आणि फाळणीत दुरावलेली माणसे एकमेकांना भेटली. चेंडूमागून चेंडू सांगणाऱ्याला त्या सामन्यांत खेळाहून अधिक काही प्रेक्षकांत दिसले असेल.

त्यानंतर आकाशवाणीच्या क्रिकेटचे स्वरूप झपाट्याने बदलले. विजय मर्चंट, महाराजकुमार विजयनगरम, देवराज पुरी, पीअरसन सुरिटा असे नवे आवाज आले. हिंदी आणि इंग्रजी वर्णन आळीपाळीने होऊ लागले. पुण्याचे बाळ ज. पंडित यांनी मराठीतून धावते वर्णन लोकप्रिय केले आणि पुढे वि. वि. करमरकर यांच्यासारखे क्रीडापत्रकारही मराठी ध्वनिक्षेपकापुढे बसले. ज्यांच्या आधीच्या पिढीने तल्यारखान यांचे इंग्रजी अर्धेमुर्धे समजून घेत सामने ऐकले, त्यांना आता खेळ आपल्या भाषेत मिळू लागला. हा बदल एकट्याच्या मक्तेदारीत झाला नसता, हे वेगळे सांगायला नको.

तल्यारखान मात्र गप्प बसले नाहीत. आर. के. करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात आणि पुढे ‘मिड-डे’ या सायंदैनिकात त्यांचे स्तंभ प्रसिद्ध होत. ‘टेक इट फ्रॉम मी’ हे त्यांच्या सदराचे शीर्षक पुष्कळांच्या स्मरणात आहे. आपले म्हणणे खुशाल प्रमाण माना, असा त्याचा भाव. आणि तो त्यांच्या स्वभावाला शोभणाराच होता. लेखाच्या शेवटी ते स्टीव्ह नावाच्या कोणा एकाला, समजले ना, असे विचारून निरोप घेत. छापील मजकुरातही त्यांनी समोर एक ऐकणारा बसवून ठेवला होता. क्रिकेट नियामक मंडळ असो की निवड समिती, कोणाचीही भीड त्यांनी ठेवली नाही. त्यांची मते नेहमी पटण्याजोगी असत असे नव्हे. पण वाचक ती टाळत नसत.

१९७२-७३ साली टोनी लुईस यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ भारतात आला. भारताचे कर्णधार होते अजित वाडेकर आणि मालिका भारताने २-१ अशी जिंकली. या मालिकेत दिवसाचा खेळ संपल्यावर त्याचा सारांश सांगण्यासाठी आकाशवाणीने तल्यारखान यांना पाचारण केले. ते तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. ही योजना दोन्ही पक्षांना सोयीची होती. दिवसभर इतरांनी बोलावे आणि संध्याकाळची काही मिनिटे पूर्णपणे तल्यारखान यांची असावीत. ध्वनिक्षेपक पुन्हा त्यांच्या एकट्याच्या ताब्यात आला, फक्त वेळ कमी झाला होता. योगायोग असा की याच हंगामाच्या तोंडावर, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. चेंडू कोठे गेला हे सांगायला यापुढे कोणाची तितकी गरज उरणार नव्हती.

त्यानंतरही जवळजवळ अठरा वर्षे ते जगले. १९८३ चा विश्वचषक त्यांनी पाहिला, एकदिवसीय सामन्यांचे आणि रंगीत दूरचित्रवाणीचे युगही पाहिले. नव्वदीतही ‘मिड-डे’च्या वाचकांना त्यांचा स्तंभ मिळत होता. १३ जुलै १९९० रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारतीय संघ त्या वेळी इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. महिनाअखेर लॉर्ड्स कसोटीत फॉलोऑन टाळण्यासाठी २४ धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी मैदानात होती. कपिल देव यांनी एडी हेमिंग्ज यांच्या एका षटकात लागोपाठ चार षटकार मारले आणि पुढच्याच षटकात दुसऱ्या टोकाचे नरेंद्र हिरवाणी बाद झाले.